मधाच्या रंगाचा पॅटर्न

कळंब, ता. इंदापूर
६ मे १९९८

आदरणीय रविराजदादा यांस,
सादर नमस्कार.

प्रत्यक्ष बोलण्याइतकी ओळख नसताना, वडीलधाऱ्यांना मध्ये न घेता, मी आपणांस परस्पर पत्र लिहीत आहे. हे धाडस अनुचित आहे याची मला पूर्ण जाणीव असून त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. हे पत्र मी याआधी तीन वेळा लिहिले आणि तिन्ही वेळा चुलीत घातले.

मी सारजाआत्याची भाची, इंदिरा महिपती मारकड. आपण आत्याच्या दिरांचे चिरंजीव. मागील दिवाळीत आपण आत्याकडे आला होता, तेव्हा चहा मीच आणून ठेवला होता. पुण्यातील एका यंत्राविषयी आपण त्या वेळी सांगत होता: संगणकात रेखाटलेली वस्तू ते यंत्र पातळ रेझीनमधून, प्रकाशाच्या रेषेने थरावर थर घट्ट करत, जशीच्या तशी घडवते. ऐकणारे हसले आणि विषय उसाच्या तोडीवर गेला. मी दाराआडून शेवटपर्यंत ऐकत होते.

माझे वडील, तात्या, इंदापूर रस्त्यावरील फाउंड्रीत एकतीस वर्षे पॅटर्नमेकर आहेत. ओतायच्या वस्तूची लाकडी प्रतिकृती, म्हणजे पॅटर्न, ते घडवतात. ती वाळूत दाबून पोकळी करतात आणि तिच्यात वितळलेला धातू ओततात. तात्यांच्या पॅटर्नला कानस लावावी लागत नाही, असे तिथले लोक म्हणतात. परंतु दोन वर्षांपासून त्यांना काचबिंदू आहे. समोरचे थोडेसे दिसते, कडेचे सर्व गेले आहे आणि गेलेले परत येणार नाही. घराबाहेर ही गोष्ट कोणालाही ठाऊक नाही. आपणही ती कोठे बोलू नये, ही विनंती.

आता फाउंड्रीचे मालक रावजीशेठ यांना एका जुन्या पंपाच्या चार इंपेलरांची, म्हणजे आतील फिरत्या पंख्यांची, मागणी आली आहे. त्याचा जुना पॅटर्न अर्धा वाळवीने खाल्ला. तात्यांचे काम मंदावल्याचे पाहून शेठजींनी सांगितले आहे, की दहा जुलैपर्यंत नवा पॅटर्न अचूक मिळाला, तर निवृत्तीपर्यंतची चार वर्षे ते तात्यांना पॅटर्नच्या कोठारावर बसवतील. नाही मिळाला, तर हिशेब करून मोकळे करतील. त्या इंपेलरची पाती वळणदार आहेत. तात्यांनी आजवर सागवानाचे तीन ठोकळे वाया घालवले. चौथा ते अंगणात बसून तासतात आणि मी जवळ गेले, की फडक्याने झाकतात.

मी यंत्रशाखेची पदविका पूर्ण केली आहे. इंदापूरला एका संगणकवर्गात सकाळी शिकवते, तेथील संगणक मला वापरता येतो. या इंपेलरची आकृती मी त्यावर करू शकेन. तिचा रेझीनमध्ये पॅटर्न करून घेण्यास किती खर्च येईल, एवढेच कळवावे.

आपली आज्ञाधारक,
इंदिरा

---

बारामती
१३ मे १९९८

चि. इंदिरा, अनेक आशीर्वाद.

आधी ते ‘आदरणीय’ काढ बघू. मी एकतीस वर्षांचा आहे, फेटा बांधायला अजून वेळ आहे. आणि चहा तू आणलास हे आठवतंय, साखर दुप्पट होती. मला वाटलं पाहुणचार असेल. आता कळलं, तुझं लक्ष चहात नव्हतंच.

आता मुद्द्याचं. पुण्याला फोन केला. अशा पंख्याला अंदाजे अठ्ठेचाळीस तास यंत्र चालवायला लागेल म्हणतात. यंत्राचे तासाला नऊशे. शिवाय रेझीन परदेशातून येतं, किलोला दहा हजार. वरून धुणं, पक्कं करणं, घासणं. सगळं मिळून पन्नास हजारांच्या पुढे जातं. मी ओळख काढली, दम दिला, लाडीगोडी लावली. दोन हजार उतरले.

लोकांना वाटतं, कॉम्प्युटरवर चित्र झालं म्हणजे वस्तू झाली. अगं, चित्र फुकट असतं. आज मोठं कर, उद्या छोटं कर, शंभरदा पूस. वस्तू मात्र एकदाच होते आणि झाली की तिची पूर्ण किंमत द्यायची. म्हणून म्हणतो, महिपतीमामांना सांग आणि शेठलाच हा खर्च करू दे.

तुझा,
रविराज

---

कळंब
२१ मे १९९८

प्रिय रविराजदादा,
सा. न.

आपण एवढा त्रास घेतलात, याबद्दल आभार कसे मानावेत कळत नाही.

शेठजींना मी आईमार्फत, तात्यांच्या नावाने, विचारून पाहिले. ‘पॅटर्नचा पगार मी महिपतीला देतोय, पुण्याच्या मशीनला परत कशापायी देऊ?’ असे ते म्हणाले. मात्र ओतकाम पास झाल्यावर खर्च भरून देण्याचे त्यांनी कबूल केले आहे. तात्यांना यातील काही सांगू नये, असे मी आईकडून वचन घेतले आहे. एकदा मी संगणकाविषयी बोलले, तेव्हा ते म्हणाले होते, ‘त्याला वाळूचा वास येतोय व्हय गं? न्हाय ना? मग त्याला काय कळणार, वाळूला काय लागतं ते.’ त्यांना हातात तयार पॅटर्न मिळाला, की राग येणार नाही, असे मला वाटते.

खर्चाविषयी मी विचार केला. आपण दिवाळीत सांगितल्याप्रमाणे प्रकाशाची रेषा जेवढे क्षेत्र भरते, तेवढा वेळ लागतो. मग आकृती आतून पोकळ ठेवून, भिंतीची जाडी चार मिलिमीटर धरली आणि नंतर ती पोकळी प्लॅस्टरने भरली, तर तास व रेझीन दोन्ही निम्म्यावर यावेत. तशी आकृती करून फ्लॉपी सोबत रजिस्टरने पाठवत आहे. पाच पात्यांपैकी दोन वाळवीने गेली आहेत. उरलेल्या तिन्हींची मापे घेऊन सरासरी काढली. बाहेरचा व्यास दोनशे छत्तीस पूर्णांक पाच मिलिमीटर आला आहे.

आपली,
इंदिरा

---

बारामती
३ जून १९९८

चि. इंदिरा,

फ्लॉपी उघडली आणि आमच्या ऑफिसातल्या दोन बी.ई. झालेल्यांना बोलावून दाखवली. म्हटलं, हे बघा, आणि जरा मान खाली घाला. पोकळ करायची युक्ती पुण्यालाही आवडली. चोवीस तासांवर आलं. यंत्राचे एकवीस हजार सहाशे, रेझीनचे चार हजार, घासण्याचे अठराशे. सत्तावीस हजार चारशे. याखाली एक रुपया उतरत नाही.

दोन गोष्टी विचारतो, स्पष्ट उत्तर दे.

एक: मापं कशानं घेतलीस? शाळेतल्या फुटपट्टीनं नाही ना? पुण्याचे लोक विचारत होते, धातू थंड होताना आकसतो त्याची वाढ धरली आहे का. मी म्हटलं, तिनं जुना पॅटर्नच मोजलाय, वाढ त्यातच आली. बरोबर ना?

दुसरी: पैसे कुठून आणतेस? तुमच्या घरात सत्तावीस हजार कणगीत ठेवलेले नसतात, हे मला माहीत आहे.

रविराज

---

कळंब
१० जून १९९८

प्रिय रविराजदादा,
सा. न.

आपल्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देते.

जुना पॅटर्नच मोजला आहे, त्यामुळे आपण पुण्यास सांगितले ते योग्य आहे. मापे तात्यांच्या पोलादी पट्टीने घेतली. ती पट्टी ते घरात कोणालाही हात लावू देत नाहीत. लहानपणी मी तिने वहीत समास आखले, म्हणून मला एकदाच मार बसला होता. ते कामावर जाताना आता जुना पॅटर्न व पट्टी घरी ठेवून जातात. तेवढ्या वेळात मी मोजत असे. तिच्यावरील अक्षरे झिजली आहेत, पण मिलिमीटरच्या रेघा स्वच्छ आहेत. ज्या पट्टीवर एकतीस वर्षांत एकही पॅटर्न चुकला नाही, तिच्याहून विश्वासाची पट्टी मला कोठे मिळणार?

पैसे घरात एका कारणासाठी बाजूला ठेवलेले होते. त्याची घाई नाही. आईची संमती आहे. आपण चिंता करू नये. सत्तावीस हजार चारशेचा ड्राफ्ट सोबत आहे.

एक विनंती. पॅटर्न आला, की तो कळंबला न पाठवता फाउंड्रीच्या जीपमध्येच द्यावा. जीप दर गुरुवारी बारामतीला येते. मुदत जवळ आली आहे, आणि तात्यांना तो कामावर, सर्वांच्या देखत मिळावा, अशी माझी इच्छा आहे.

आपली,
इंदिरा

---

बारामती
३ जुलै १९९८

चि. इंदिरा,

काल गुरुवारी दुपारी तुझं बाळ जीपमध्ये घालून रवाना केलं. अगं, काय दिसत होतं! मधाच्या रंगाचं, उन्हात धरलं की आरपार, पाती तर जणू आत्ता फिरतील. आत प्लॅस्टर भरल्यावर ती जादू गेली, पण हातात वजन आलं. ड्रायव्हर म्हणाला, ‘ह्ये खायचं हाय का वतायचं?’ म्हटलं, बाबा, मांडीवर घेऊन बस, खाली ठेवू नकोस, पडलं तर काचेसारखं फुटेल. खरंच मांडीवर घेऊन बसला.

मी कॅलिपरनं मोजलं. तुझ्या आकृतीशी केसाचाही फरक नाही.

घाईत आहे. बाकी एक, माझी बायको विचारत होती, पदविकावाल्यांची इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाची यादी लागली म्हणे. तुझं कुठं झालं? पेढे पाठव.

रविराज

---

बारामती
२२ जुलै १९९८

इंदिरा,

तीन आठवडे झाले, तुझी एक ओळ नाही. पेढे राहू देत. काल सारजाकाकू बाजाराला आली होती. म्हणाली, महिपतीमामा घरी बसलेत, जेवत नाहीत, आणि कुणी काही सांगत नाही.

काय झालं? आकार चुकला का? चुकला असेल तर कुठं ते कळव. फाईल माझ्याकडे आहे, दुरुस्त करायला मला मिनिटसुद्धा लागणार नाही. फक्त पुण्याला यंत्र पुन्हा चोवीस तास चालवावं लागेल आणि त्याचे ते पुन्हा सगळे पैसे घेतील. मी बोलून पाहिलं. नाही म्हणाले. तरी बघू आपण काहीतरी.

लिही. रागावली असलीस तरी लिही.

रविराजदादा

---

कळंब
२८ जुलै १९९८

प्रिय रविराजदादा,
सा. न.

आपल्यावर रागावण्याचे कारण नाही. आपण केलेल्या कामात दोष नव्हता. आपण म्हणालात तसे, ते माझ्या आकृतीशी केसाचाही फरक न करता उतरले होते.

घडले ते क्रमाने सांगते. पॅटर्न गुरुवारी संध्याकाळी पोहोचला. शुक्रवारी तात्या डोळ्यांच्या तपासणीसाठी बारामतीला गेले होते आणि डोळ्यांत औषध घातल्यामुळे शनिवारीही घरीच होते. कामावर त्यांनी गुडघ्याचे कारण दिले होते. शेठजी घाईत होते. वाळूकाम करणारे दादासो म्हणाले, ‘महिपतीराव येऊ द्या, त्यांचा हात फिरल्याबिगर आमी वाळू भरत न्हाय.’ शेठजी म्हणाले, ‘त्याच्याच मापाचा हाय की, अजून कशाला हात?’ कारण फ्लॉपीवर मी नाव तात्यांचे घातले होते आणि पॅटर्नसोबतच्या चिठ्ठीवरही तेच आले होते. त्याच दिवशी साचे भरले आणि शनिवारी चारही इंपेलर गनमेटलमध्ये, म्हणजे तांबे-कथिलाच्या मिश्रधातूत, ओतले.

सोमवारी ते पंपाच्या कड्यात बसवून पाहिले. चारही लहान पडले. एकसारखे, साडेतीन मिलिमीटरने.

मी त्या दिवशी तात्यांचा डबा घेऊन गेले होते. खरे सांगायचे, तर त्यांना पॅटर्न मिळाल्याचा आनंद पाहण्यासाठी गेले होते. मी दारात पोहोचले, तेव्हा शेठजी, दादासो आणि आणखी चार-पाच माणसे उभी होती. शेठजींनी पॅटर्न तात्यांच्या हातात ठेवला. तात्यांनी तो याआधी पाहिलेला नव्हता. त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत काठावरून फिरवली, दोनदा. मग पात्यावरून बोट नेले. मला वाटते, त्याच क्षणी त्यांना सर्व कळले: काम कोणाचे, आणि चूक कोणती. ते हळू म्हणाले, ‘हात चांगला बसलाय. पर ल्हान हाय.’

शेठजी ओरडले, ‘ल्हान हाय ते मलाबी दिसतंय! मापं कुणी घेतली?’

तात्यांची मान दाराकडे वळली. त्यांना दारात कोण आहे ते दिसले नसणार. डब्याची कडी वाजली होती.

ते म्हणाले, ‘मी घेतली, शेठ.’

‘एकतीस वर्षांत तुझं माप चुकलं न्हाय, आन आत्ता साडेतीन मिलिमीटर?’

‘मला दिसत न्हाय, शेठ. दोन वर्स झाली. पट्टी वाचताना चुकलो.’

नंतर मागून एक जण म्हणाला, ‘तरीच, महिपतीराव परवा चहाच्या कपाला हात लावायचं सोडून माझ्या गुडघ्याला लावत हुतं,’ आणि दोघे हसले. दादासो त्यांच्यावर खेकसले. शेठजींनी मला पाहिले. ‘काय गं, तू तर तालुक्यात पहिली आलेली. बापाला दिसत न्हाय, तर तुला तरी दिसत हुतं की. तू न्हाय बघितलंस?’

दादा, मला उत्तर येत होते. शाळेत मला उत्तर येत असे आणि मी हात वर करत नसे. बाई म्हणत, लेखी पेपरात भरून काढते. तिथे लेखी पेपर नव्हता. मी डबा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. तात्या म्हणाले, ‘तिला ह्यातलं काय ठावं न्हाय. डबा ठिव गं हितं आन घरी जा.’ मी डबा ठेवला आणि घरी आले.

चूक कोणती, ते तात्यांनी मला रात्री जेवणाच्या ताटावर सांगितले. ती पट्टी साधी नव्हती. पॅटर्नमेकरची पट्टी मुद्दाम वाढीव केलेली असते. धातू थंड होताना आकसतो, म्हणून तिच्यावरील दोनशे मिलिमीटर खऱ्या पट्टीवर दोनशे तीन भरतात. तिच्या मापाने लाकूड घडवले, की पॅटर्न आपोआप हवा तेवढा मोठा होतो आणि कारागिराला आकडेमोड करावी लागत नाही. म्हणून तर ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरायची नसते; समाससुद्धा आखायचे नसतात. मी त्या पट्टीने जुना पॅटर्न मोजला आणि तिने मला पॅटर्नचे नव्हे, तर ओतून निघणाऱ्या इंपेलरचे माप सांगितले. त्या मापाचा पॅटर्न झाला आणि धातू त्याहूनही आकसला. पट्टी खोटे बोलली नाही. काय विचारावे, हे मला ठाऊक नव्हते. फाउंड्रीत झाडलोट करणाऱ्यालाही जे माहीत असते, ते मी पदविकेच्या तीन वर्षांत पुस्तकात वाचले होते, गुणही मिळवले होते. घरातल्या खुंटीवर टांगलेली पट्टी तीच, हे मात्र मला ओळखता आले नाही. तात्यांना एकदा विचारले असते, तर त्यांनी अर्ध्या वाक्यात सांगितले असते.

मी त्यांना म्हणाले, उद्या शेठजींना खरे सांगू. ते म्हणाले, ‘न्हाय. तुला अजून लई ठिकाणी मापं द्यायची हायती. माझी देऊन झाली.’ मग ते उठून हात धुवायला गेले आणि उंबऱ्याला अडखळले. आईने आणि मी दोघींनी पाहिले नाही, असे दाखवले.

शेठजींनी दुसऱ्याच दिवशी हिशेब केला. वाया गेलेले गनमेटल त्यातून वजा झाले. रेझीनचा खर्च देण्याचा प्रश्नच नव्हता. मागणी कोल्हापूरच्या एका कारखान्याकडे गेली. तात्यांची हत्यारे दादासोंनी पोत्यात भरून सायकलवरून घरी आणून दिली. ते बराच वेळ दारात उभे राहिले आणि पाणीही न पिता गेले. तात्या आता अंगणात बसतात. चौथा ठोकळा अर्धवट तासलेला होता. तो आईने अजून जाळलेला नाही.

आपण पैशांविषयी विचारले होते आणि मी पूर्ण उत्तर दिले नव्हते. ते माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे होते. आईच्या सात शेळ्या आणि तात्यांच्या फंडातून काढलेली उचल. यादीत माझे नाव पहिल्या पानावर होते. फी भरण्याची मुदत नऊ जुलैला संपली. इंपेलर पास झाले, की शेठजी पैसे देतील आणि त्यातूनच पुण्याच्या महाविद्यालयाची फी भरू, असा माझा हिशेब होता. तात्यांना वाटते, की मी फी केव्हाच भरली आहे. महाविद्यालय कधी सुरू होणार, असे ते रोज विचारतात, आणि मी दरवेळी नवी तारीख सांगते. आज मात्र मुदत नऊ जुलैलाच संपल्याचे त्यांना खरे सांगायचे, असे मी ठरवले आहे.

पॅटर्न पुन्हा करू नये, ही विनंती. संगणकात दीड टक्का वाढवायला एक आकडा पुरतो, हे मलाही माहीत आहे. मी तो काल वर्गात वाढवून पाहिला. पडद्यावर इंपेलर किंचित मोठा झाला आणि बरोबर झाला. मी फाईल न साठवता बंद केली.

शेठजींनाही मी आज स्वतंत्र पत्र लिहिले आहे. मापे कोणी घेतली, कोणत्या पट्टीने घेतली, दोनशेचे दोनशे तीन कसे होतात, हे आकृती काढून दाखवले आहे, आणि त्या दिवशी दारात उभी राहून मी गप्प राहिले, हेही लिहिले आहे. तात्यांनी मनाई केली होती. नोकरी यामुळे परत मिळणार नाही; डोळ्यांचे आता सर्वांना कळले आहे आणि जे कळले, ते मागे घेता येत नाही. तात्यांनी आपले नाव देऊन माझे राखले होते. या पत्राने मी तेही घालवत आहे, याबद्दल ते मला क्षमा करतील, असे वाटत नाही. परंतु महिपती मारकडांचे माप चुकले, असे तिथे रोज कोणीतरी म्हणत असेल, आणि ते खरे नाही.

उत्तराची अपेक्षा नाही. आपल्या पत्नीस माझा नमस्कार सांगावा.

आपली,
इंदिरा

दोन्ही पाकिटे कळंबच्या टपालपेटीत टाकली: मंगळवार, २८ जुलै १९९८, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे.